उंबऱ्याबाहेरची घागर

आखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ढग्यांच्या घरी आमरस होत नाही, हे बोरखेडीत लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या दिवशी गावभर आंबे पिळले जात, कोयी गल्लीत येऊन पडत, माश्यांची चंगळ होई. ढग्यांकडे पुरणाच्या पोळ्या, कढी, वडे, कुरडया, भजे सगळं साग्रसंगीत व्हायचं, रस मात्र दुसऱ्या दिवशी. सोयरीक जमवताना ही गोष्ट आधी कानावर घालायची पद्धत होती. धाकट्या सुनेच्या, पुष्पांजलीच्या वडिलांच्या कानावर घातली तेव्हा ते म्हणाले होते, "एका दिवसानं आंबा काय नासते?" आणि लग्न ठरलं. तेव्हापासून दर आखजीला शेजारच्या घरच्या रसाचा वास घेत तिनं पुरण वाटलं होतं.

आजही सकाळी तिनं घागरी भरल्या. मधल्या खोलीत भिंतीशी गहू पसरून त्यावर पितरांच्या घागरी ओळीनं मांडल्या. प्रत्येकीच्या गळ्यात कच्च्या सुताचा धागा, अंगावर गंधाची बोटं, तोंडावर खरबूज. मग उरलेली एक लहानगी घागर उचलून तिनं उंबऱ्याबाहेर नेली आणि पायरीच्या दगडावर ठेवली. हिला धागा नाही, गंध नाही, नुसतं पाणी. घरात तिला 'जित्याची घागर' म्हणत.

ही घागर सदूची. छपन्नच्या दुष्काळात, सव्वाशे वर्षांपूर्वी लोक तरोट्याचा पाला उकडून खात होते तेव्हा, झुंबरबाई ढगे दोन पोरं घेऊन मलकापूरच्या बाजूला सरकारी खडी फोडायला गेली होती. परत आली ती एकच पोरगं घेऊन. धाकटा सदू मिशनवाल्यांनी पळवला, असं ती सांगे आणि तिच्यामागून सगळं घराणं सांगे. मेल्याची खबर नाही तोवर माणूस जिता, असा तिचा कायदा होता. म्हणून सदूला पितरांच्या ओळीत जागा नव्हती, आणि तो येईस्तोवर आखजीला घरात रस नव्हता. हिशेबानं सदू आता एकशे तीस वर्षांचा असायला हवा होता, पण हा हिशेब या घरात कोणी करत नसे.

"पाणी काठोकाठ भर वं पुष्पे," चुलीजवळून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. या तिच्या सासऱ्यांच्या, आबांच्या धाकट्या बहीण, जानेफळला दिलेल्या. पंच्याहत्तरी उलटली तरी आखजीचं माहेरपण त्यांनी सोडलं नव्हतं. लेक परक्या घरची, तिला नेम लागू नाही, म्हणून त्यांच्यापुरता रस या दिवशीही होत असे आणि त्या तो सगळ्यांच्या देखत, चवीचवीनं, वाटी तिरपी करून पीत.

"भरलं, आत्याबाई."

"अन् ते पाहुनी कितीक वाजता येते?"

"हे गेले आणाले. गाडी टायमावर असन तं येतीलच आता."

"तं तुह्यं काय ठरलं?"

पुष्पांजलीनं कढईत डोकं घातलं. हाच तो प्रश्न होता आणि तो गेले दोन महिने घरात चपलेतल्या खड्यासारखा फिरत होता. तिची छकुली अकोल्याला नर्स होती. संध्याकाळी मोबाईलवर ती आयर्लंडमधल्या कुणा प्रेरणाताईकडं इंग्रजी शिकायची. ही बाई तिथं नर्स होती आणि इकडच्या पोरींना परीक्षेसाठी तयार करायची. छकुली पास झाली, तिथल्या दवाखान्यानं तिला घेतलं, कागदही झाले. फक्त पोरीनं एक अट स्वतःच घालून घेतली होती: आईनं 'हो' म्हटलं तरच जाईन. त्यामुळे सगळं ओझं आईच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. पुष्पांजलीला 'नाही' म्हणायचं होतं, पण 'नाही'ला लावायला कारण सापडत नव्हतं.

कारण भागवतनं आणून दिलं. भागवत तिचे मोठे दीर, ग्रामपंचायतीचे माजी सदस्य. प्रेरणाताईंचं आडनाव बोरखेडे आहे, त्यांच्या पणजोबांना मिशनच्या अनाथाश्रमात गाव विचारलं तेव्हा त्यांनी बोरखेडी सांगितलं आणि तेच आडनाव पडलं, हे छकुलीनं एकदा जेवताना सांगितलं. ती बाई जिल्ह्यातल्या दुसऱ्या दोन बोरखेड्या आधीच पालथ्या घालून आली होती. तेव्हा भागवत पाण्याचा पेला आपटून म्हणाले होते, "मायंदी मजा आहे. तवा आपलं पोरगं नेलं, आता पोरगी न्याले येऊन राह्यली, अन् आपुन तिले जेवाले बोलावतो."

ते वाक्य पुष्पांजलीनं पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं होतं.

"माह्यं काय ठरनार," ती अन्नपूर्णाबाईंना म्हणाली. "येऊ तं द्या तिले."

*

जीप दारात थांबली. आधी तिचा नवरा ज्ञानेश्वर उतरला, मग छकुली, मग एक पंचेचाळिशीची सावळी, ठेंगणी बाई. साधी सुती साडी, पायात बूट. पुष्पांजलीनं मनात परदेशातली बाई वेगळी रंगवली होती. ही तर तालुक्याच्या शाळेतल्या मॅडमसारखी निघाली. पायरीवरच्या घागरीजवळ ती थबकली आणि वळसा घालून, पाय लागणार नाही असं बघून आत आली. पुष्पांजलीच्या ते ध्यानात राहिलं.

ओसरीवर आबा बसले होते. निवृत्ती ढगे, ब्याऐंशी वर्षं, ऐकू नीट यायचं पण सोयीनं. बाईनं वाकून नमस्कार केला. आबांनी विचारलं, "जेवाले थांबाल ना?"

"म्हणून तर आले, आबा."

अन्नपूर्णाबाई हात पुसत आल्या आणि समोरच फतकल मारून बसल्या. "तुमच्या त्या देशात पाऊस कसा काय हाय?"

"पाऊसच आहे. बाराही महिने."

"मंग त्याइले काय माहीत दुष्काळ."

"त्यांना फार माहीत आहे, आजी." प्रेरणानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "सगळा देश बटाट्यावर जगायचा. एका साली बटाटा जमिनीतच सडला, मग पुढच्या साली, मग त्याच्या पुढच्या. लाखो माणसं मेली. त्याहून जास्त बोटीत बसून अमेरिकेला गेली. अजून तिथं घरोघर कुणी ना कुणी बाहेर आहे. आपल्याकडे कसं, गणपतीला किती जण आले विचारतात, तसं तिथं नाताळला विचारतात."

"परत नाही आले ते?"

"तेव्हाचे नाही आले. त्यांच्यात एक पद्धत होती. पोरगं किंवा पोरगी अमेरिकेला निघायची, त्याच्या आदल्या दिवशी गाव जमायचा. मयताला जमतो तसा. रडणं, गाणी, खाणं, सगळं मयताचं. आणि जाणारा माणूस तिथंच बसलेला."

"जित्या मानसाचं मयत?" अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता परत दिसणार नाही, तर आताच रडून घ्या, असा हिशेब."

पुष्पांजली दाराच्या चौकटीशी उभी होती. तिला एकदम जाणवलं की दोन महिने ती नेमकं तेच करते आहे. छकुलीच्या आवडीचं काही केलं की घास उतरत नाही, तिचे जुने ड्रेस घडी करताना हात थांबतो. पोरगी मात्र समोर बसून मोबाईल बघत दात काढते आहे. तिला स्वतःचा जरा राग आला आणि त्या बाईचा जास्त.

"आमच्याकडून कोणी गेलं नाही बापा कुठं," भागवत आत येत म्हणाले. अंघोळ करून, टोपी घालून तयार होते. "गेलं ते नेलेलं गेलं. येता येता वावरातला ओटा दाखवला का हो ज्ञान्यानं तुमाले? झुंबरबाईचा?"

"दाखवला. फरशी छान बसवलीय."

"मागच्या सालीच बसवली. पाटी वाचली?"

"वाचली. 'पुत्रवियोगिनी माता झुंबरबाई'."

"हां." भागवत समाधानानं बसले. "पुऱ्या गावाले माहीत आहे, काय भोगलं तिनं."

ज्ञानेश्वरनं बायकोकडं पाहिलं. तो लेकीच्या बाजूचा होता, पण थोरल्या भावापुढं त्याचा आवाज दाराआड उभ्या पोरीसारखा व्हायचा. "पानं घेता का?" एवढंच तो म्हणाला.

*

आधी निखाऱ्यावर पितरांचे घास पडले, मग पंगत बसली. पुष्पांजली वाढत होती, छकुली मागून कुरडया घेऊन येत होती. बाई मांडी घालून नीट जेवत होती. कढीला भुरका मारला आणि न सांगता दुसऱ्यांदा मागितली. तेवढ्यानं अन्नपूर्णाबाई अर्ध्या फितूर झाल्या.

"पुष्पे, पाहुनीले रस आन. नेम आपल्याले आहे, तिले कायचा नेम? मले बी आन."

ज्ञानेश्वरनं कालच गावरान आंबे आणून गवतात ठेवले होते. दोन वाट्या रस करून झाकला होता. पुष्पांजलीनं एक आत्याबाईंपुढं ठेवली आणि एक प्रेरणापुढं.

"मला नको, वहिनी."

"घ्या ना. थोडा घ्या."

"खरंच नको. आम्ही आंबा खात नाही."

भागवतचा हात पोळीवर थांबला. "काऊन? आमच्या हातचा चालत नाही?"

"तुमच्या हातची कढी दोनदा घेतली की, दादा."

"मंग तुमच्या धर्मात आंबा नाही का?"

"धर्मात आहे. घरात नाही."

"हे काय असते?" अन्नपूर्णाबाईंनी वाटी तोंडाशी नेता नेता खाली आणली.

प्रेरणानं जरा वेळ बोटं ताटाच्या कडेला टेकवली. "माझे पणजोबा शमुवेल. नगरच्या बाजूला शिक्षक होते. घरासमोर त्यांनी आंब्याची झाडं लावली होती, अख्ख्या वस्तीला आंबे वाटायचे, स्वतः बोट लावायचे नाहीत. त्यांनी खाल्ला नाही म्हणून आजोबांनी नाही खाल्ला, मग वडिलांनी, मग आम्ही. चर्चमधल्या लोकांना वाटायचं, आम्ही जास्तीचा काही उपास करतो. एका पाद्रीसाहेबांनी तर विचारलं होतं, हे कुठं लिहिलंय म्हणून."

"मंग कुठं लिवलं हाय?"

"कुठंच नाही. त्यांच्या आईनं सांगितलं होतं. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, नाव आठवत नव्हतं. गावाचं नाव आणि हे एक वाक्य, बास. तुमची बोली आमच्यात कुणालाच येत नाही, पण हे वाक्य सगळ्यांना येतं." तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं, सूर चुकवून, शब्द न चुकवता म्हणाली, "'आखजीले येतो मी. तोवर रस खाऊ नको. संगं खाऊ.'"

बाहेर शेजारच्या झोक्यावर पोरी गात होत्या, ते आत स्पष्ट ऐकू येत होतं.

आबांनी घास ताटात परत ठेवला. "आमच्या घरी या दिवशी रस होत नाही," ते म्हणाले. "झुंबरबाईचा नेम. रसाचाच काऊन केला, ते कोनालेच माहीत नोहतं. आंबाच काऊन, पोळी काऊन नाही, असं मी माह्या आज्याले इचारलं होतं. थो सदूचा सख्खा मोठा भाऊ. थो उठून गेला."

"म्हणजे सदूच तो," ज्ञानेश्वर म्हणाला.

"सदूच," भागवत म्हणाले, आणि त्यांना सूर सापडला. "पाहा, पोराले मायचा शब्द याद होता, आंबा याद होता, तरी त्याइनं त्याले सोडलं नाही. लहान लेकरू. हे पळवनंच झालं ना मंग? मी काय येगळं सांगून राह्यलो होतो?" मग छकुलीकडं न बघता, "अन् आता बी तेच. गोड बोलून न्याचं."

पुष्पांजली पोळ्यांचं ताट हातात घेऊन उभी होती. भागवतदादांचं बोलणं तिला हवं होतं तसंच, हवं तिथं येऊन पोचलं होतं. आता तिनं नुसतं 'दादा म्हणतेत ते खरं' म्हटलं असतं, की झालं असतं. छकुलीनं अट घातली होती, पोरगी शब्दाची पक्की होती. अकोल्याला राहिली असती. दर पंधरा दिवसांनी येऊन केसांना तेल लावून घेतलं असतं.

पण ते वाक्य तिच्या डोक्यातून हलेना. अकोल्याच्या होस्टेलवर छकुलीला पहिल्यांदा सोडलं तेव्हा फाटकाशी तीच काय बोलली होती? रविवारी येतो मी. तोवर कोनाशी भांडू नको. पोरगी रडत नव्हती, तीच रडत होती, म्हणून काहीतरी वायदा तोंडातून निघाला होता.

तिनं प्रेरणाकडं पाहिलं. बाई खाली मान घालून भात कालवत होती. हिला माहीत आहे, पुष्पांजलीला कळलं. लहानपणापासून माहीत आहे, आणि ही बोलत नाही.

"दादा," ती म्हणाली, "हरवल्या पोराले असं कोनी सांगत नाही."

"काय?"

"गर्दीत हात सुटला, कोनी उचलून नेलं, तं माय बोंबलत फिरते. आखजीचा वायदा करते काय? हे सांगून ठेवलेलं आहे. हातानं नेऊन पोचवलं, डोक्यावरून हात फिरवला अन् सांगतलं. ज्याले आपुन सोतं सोडून जातो, त्यालेच असं सांगतो."

भागवत उभेच राहिले, उष्ट्या हातानं. "समजते का तुले काय बोलून राह्यली? झुंबरबाईनं पोटचं पोर देऊन टाकलं म्हनते? आखजीच्या दिवशी? पितरांसमोर?"

"देऊन टाकलं नाही म्हटलं मी. ठेवलं म्हटलं."

"बस, भागवत," आबा म्हणाले. मग प्रेरणाकडं वळून, "तुले माहीत होतं हे?"

"होतं."

"मंग बोल्ली काऊन नाही?"

"ती पाटी वाचली ना, आबा. म्हटलं, जेवायला बोलावलंय, जेवून जाऊ." तिनं हात धुतल्यासारखी बोटं पुसली. "पणजोबा सांगायचे, खडीच्या कामावर दोघांना पुरेल एवढं मिळायचं, तिघांना नाही. मिशनच्या मांडवात खिचडी मिळायची, पण लेकरू तिथं ठेवलं तर. त्यांना खिचडी आठवायची. पातळ होती म्हणायचे."

"अन् ती मंग पळवलं काऊन सांगत राह्यली?" छकुलीनं विचारलं.

उत्तर अन्नपूर्णाबाईंनी दिलं, रसाच्या वाटीकडं बघत. "काय सांगन मंग? मिशनच्या खिचडीपायी पोर देल्लं म्हनून? जातीनं वाळीत टाकलं असतं. मोठ्याले पोरगी कोन देनार होतं? तू नसती, मी नसती, हा टोपीवाला बी नसता." टोपीवाले भागवत परत खाली बसले.

"तिकडे पण तसंच," प्रेरणा म्हणाली. "दुसऱ्या पंथाचे लोक सूप वाटायचे, पण त्यांच्या प्रार्थनेला गेलं तर. ज्यांनी घेतलं ते जगले. माझ्या वॉर्डात एक नव्वदीची बाई होती, ती कानात सांगायची, आमच्या घरानं सूप घेतलं होतं गं. पावणेदोनशे वर्षं झाली, अजून गावात त्या घराला नाव ठेवतात. मी म्हटलं, आजी, आमच्या घरानं खिचडी घेतली. मग आमचं फार जमलं." ती जराशी हसली, आणि मग हसू गेलं. "पणजोबांची एकच तक्रार होती. आईनं ठेवलं याची नाही. आखजीला आली नाही, याची. म्हातारपणी, शेवटी शेवटी, उन्हाळा आला की फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. वडिलांनी पाहिलंय."

आबांचं ऐकणं सोयीचं असलं तरी हे त्यांनी ऐकलं होतं.

"थे जाये," ते म्हणाले. "माह्या आज्यानं सांगतलेलं. दर आखजीच्या आदल्या दिवशी झुंबरबाई पायी मलकापूरले निंघे. पोर शोधाले जाते म्हनत सारे. फडक्यात आंबे बांधून ने. आखजी झाल्यावर परत ये, आंबे तसेच. मरेपर्यंत गेली. आंबे कोनाले खाऊ दे नाही, गाईपुढं टाके."

"शोधाले जानारं मानूस आंबे कायले नेते," अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या.

"त्या पोरांना त्याच साली रेल्वेनं नगरकडे हलवलं," प्रेरणा म्हणाली. "तिला कुणी सांगितलं नसेल." मग तिनं पुन्हा विचारलं, नीट ऐकलं ना याची खात्री करावी तशी. "आली होती? आखजीला?"

"दरसाल," आबा म्हणाले.

प्रेरणानं मान हलवली. नर्सबाईला रडण्याची सवय नसावी. तिनं पदर शोधला, नीट सापडला नाही, मग छकुलीनं आपली ओढणी पुढं केली.

*

जेवणं उरकल्यावर आबा काठी टेकत उंबऱ्याशी आले. "सदू गेला, हे आता समजलं. जित्याची घागर जित्याची राह्यली नाही. आत घ्या तिले."

पुष्पांजली वाकली, तसा आबांनी हात आडवा केला. "तू नको. तिले घेऊ दे."

"आबा, पितराच्या ओळीत..." भागवत म्हणाले. बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं, पण सगळ्यांना कळलं.

"सदूच्या घागरीले सदूचंच मानूस हात लावन. मंग काय तू लावतो?"

प्रेरणानं बूट बाहेर काढले होतेच. तिनं घागर उचलली, आणि पाणी न सांडता, भरलेलं बेडपॅन न्यायची सवय असलेल्या हातांनी, ती मधल्या खोलीत नेऊन ओळीच्या टोकाला गव्हावर ठेवली. अन्नपूर्णाबाईंनी धागा बांधला. गंधाचं बोट पुष्पांजलीनं लावलं. बाई तोवर बाजूला उभी राहून हात जोडून, ओठातल्या ओठात आपलं काही म्हणत होती. ते कुठल्या देवाचं होतं, कुणी विचारलं नाही.

"त्या पाटीचं काय करू आता?" भागवतनी विचारलं. आवाज उतरला होता. फरशीला त्यांचा जीव लागला होता.

"राहू दे," आबा म्हणाले. "वियोग तं झालाच ना."

मग गवतातले उरलेले सगळे आंबे निघाले. पुष्पांजली आणि छकुली पिळायला बसल्या. कमी पडले ते शेजारून मागितले. शेजारीण दोनदा विचारून गेली, आज? तुमच्या इथं? वाट्या भरल्या. आबांनी आखजीच्या दिवशीचा जन्मातला पहिला रस ओठाला लावला, जिभेवर घोळवला.

"कसा हाय?" बहिणीनं विचारलं.

"उद्याच्यासारखाच लागते."

प्रेरणानं तर आयुष्यातला पहिला. तिनं एक घोट घेतला, थांबली, दातातून काहीतरी ओढून काढलं. "दोरे येतात."

"गावरान हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "दोरेच येतीन. पी."

तिनं वाटी तिरपी करून पूर्ण प्यायली. भागवतनी आपली वाटी दोनदा भरून घेतली आणि दोन्ही वेळा दुसरीकडं बघत.

*

पुष्पांजली वाटी घेऊन पायरीवर येऊन बसली. दुपार कलली होती, सातपुड्याकडून गरम वारा येत होता. दगडावर घागरीच्या बुडाची ओली गोल खूण होती; इतक्या वर्षांनी तिथं थोडा खळगाच पडला होता. छकुली येऊन शेजारी टेकली. जरा मागं प्रेरणा बूट घालत होती.

"जागा खाली झाली," छकुली म्हणाली. मग थट्टेनं, पण आवाजात थट्टा नीट न उतरवता आल्यानं जरा अडखळत, "पुढच्या सालापासून माही ठेवशीन काय इथं?"

"नाही."

छकुलीनं मान खाली घातली. तिला वाटलं, हे परदेशाला जाण्याचंच उत्तर.

"घागर वाट पाहाले ठेवतेत," पुष्पांजली म्हणाली. "मी वाट पाहत बसनार नाही. झुंबरबाईच्या येळी टेशनाच्या पुढं काही दिसत नोहतं. आता फोन आहे, बसाले इमान आहे. आखजीले सुट्टी मांगजो. भेटली तं येजो." ती थांबली. नाही भेटली तर काय, हे तिनं मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि त्याला धागा न बांधता तसंच सोडून दिलं. मग मागं वळून प्रेरणाला विचारलं, "तथी आंबा भेटते काय हो ताई?"

"भेटतो, वहिनी. डब्यात येतो. महाग असतो, आणि चव अशी नसते."

"डब्यातला तं डब्यातला." ती लेकीकडं वळली. "दिसला तं खाजो. माह्यासाठी थांबू नको."

छकुली आईच्या तोंडाकडं पाहत राहिली. "म्हंजे तू हाव म्हनते का?"

"मंग इतका वेळ काय बोलून राह्यली मी," पुष्पांजली म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "चाल, आत भांड्याचा डोंगर पडला. जाईपर्यंत तरी घासशीन ना."